वारसा कर: दर किती, यापेक्षा तो लावला कसा हे महत्त्वाचं



२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ‘वारसा कर’ हा शब्द टीव्हीवर, मोबाईलवर आणि चहाच्या टपरीवर एकदम ऐकू येऊ लागला. काहींना वाटलं, सरकार आता आपलं घर घेणार. काहींना वाटलं, श्रीमंतांना चांगला धडा मिळेल. महिन्याभरात निवडणूक संपली आणि चर्चाही संपली. प्रश्न मात्र तिथेच राहिला. तो आपल्या वर्गात रोज येऊन बसतो. एका मुलाच्या नावावर जन्मतःच दोन फ्लॅट असतात, तर दुसऱ्याच्या वाट्याला आजोबांचं कर्ज येतं. दोघं एकाच बाकावर बसून एकच पाठ वाचतात.

या लेखात आपण हा विषय राजकारण बाजूला ठेवून, पाठ शिकवतो तसा समजून घेऊ. शेवटी शेकडेवारी शिकलेल्या मुलांसाठी एक खेळही दिला आहे.

वारसा कर म्हणजे काय?

माणूस मरण पावल्यावर त्याची मालमत्ता पुढच्या पिढीकडे जाते. त्या वेळी सरकार कर घेत असेल, तर त्याला ढोबळमानाने वारसा कर म्हणतात. तो लावण्याचे मुख्य प्रकार तीन आहेत.

१. मागे राहिलेल्या एकूण मालमत्तेवर कर. वारस किती आहेत हे इथे महत्त्वाचं नसतं. आधी सगळ्या मालमत्तेची बेरीज होते, कर वजा होतो आणि उरलेलं वाटलं जातं. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये अशी पद्धत आहे. आपल्याकडची जुनी ‘इस्टेट ड्यूटी’ याच प्रकारची होती.

२. प्रत्येक वारसाला मिळालेल्या वाट्यावर कर. ज्याला जास्त मिळालं त्याला जास्त, थोडं मिळालं त्याला थोडा किंवा काहीच नाही. आयर्लंडमध्ये अशी पद्धत आहे.

३. मालमत्तेवर कर नाही, पण तिच्या वाढलेल्या किमतीवर कर. कॅनडाने १९७२ मध्ये आपला राष्ट्रीय वारसा कर बंद केला. त्याऐवजी मृत्यूच्या दिवशी मालमत्ता विकली असं धरून तिच्या नफ्यावर आयकर घ्यायला सुरुवात केली.

ही कल्पना नवी नाही. रोमचा सम्राट ऑगस्टस याने इसवी सन ६ मध्ये निवृत्त सैनिकांच्या खर्चासाठी वारशावर ५ टक्के कर लावला होता आणि जवळच्या नातेवाइकांना त्यातून सूट दिली होती. ब्रिटनमध्ये १८९४ मध्ये, जपानमध्ये १९०५ मध्ये आणि अमेरिकेत १९१६ मध्ये आधुनिक स्वरूपाचा कर आला.

आपल्याकडची जवळजवळ ३२ वर्षं

भारतातही हा कर होता, हे आज अनेकांना माहीत नसतं. १५ ऑक्टोबर १९५३ पासून इस्टेट ड्यूटी कायदा लागू झाला. त्या वेळी अर्थमंत्री होते आपल्या रायगड जिल्ह्यातले चिंतामणराव देशमुख. उद्देश दोन होते: संपत्तीतली विषमता कमी करणं आणि राज्यांना विकासासाठी पैसा देणं.

पुढे दर वाढत गेले. एका काळी २० लाख रुपयांच्या वरच्या भागावर हा दर ८५ टक्क्यांपर्यंत पोहोचला होता. म्हणजे त्या भागातल्या शंभर रुपयांपैकी वारसाच्या हातात १५ रुपये.

एवढा मोठा दर म्हणजे तिजोरी भरली असेल, असं वाटतं ना? प्रत्यक्षात १९८५ च्या अर्थसंकल्पी भाषणात अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी सांगितलं की वर्षाचं उत्पन्न साधारण २० कोटी रुपये आहे आणि त्यामानाने वसुलीचा खर्च जास्त आहे. एकाच मालमत्तेसाठी संपत्ती कर आणि इस्टेट ड्यूटी असे दोन वेगळे कायदे, त्यामुळे लोकांना कागदपत्रांचा त्रास. आणि ज्या दोन उद्देशांसाठी कर आणला, ते दोन्ही साधले नाहीत. म्हणून १६ मार्च १९८५ पासून होणाऱ्या मृत्यूंसाठी हा कर बंद झाला. पुढे बक्षीस कर १९९८ मध्ये आणि संपत्ती कर २०१६ मध्ये गेला.

८५ टक्के दर आणि २० कोटी उत्पन्न, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवा. या लेखाचं सार त्यातच आहे. पैसा गेला कुठे? मृत्यूच्या दोन वर्षं आधीपर्यंत दिलेली खरी बक्षिसं या करातून सुटत होती. बक्षिसांवरचा वेगळा कर आला तो १९५८ मध्ये, म्हणजे पाच वर्षं उशिरा. जमिनीची, घराची आणि सोन्याची किंमत कागदावर कमी दाखवणं सोपं होतं. दर जितका मोठा, तितका वाट शोधण्याचा फायदा मोठा. १० टक्के कर असेल तर माणूस कुरकुर करत भरतो. ८५ टक्के असेल तर तो चांगला सल्लागार शोधतो.

आज काय परिस्थिती आहे?

आज भारतात वारसा कर नाही. आई-वडिलांकडून वारशाने आलेलं घर, शेत, दागिने किंवा ठेव यांवर ते मिळताना आयकर लागत नाही. महाराष्ट्रात मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा जोडीदार यांना राहतं घर किंवा शेतजमीन बक्षीसपत्राने दिली, तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. नात्याबाहेरच्या माणसाकडून वर्षाला ५० हजारांपेक्षा जास्त भेट मिळाली, तर मात्र ती उत्पन्नात धरली जाते.

एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. वारशाने आलेली मालमत्ता विकली, तर नफा वडिलांच्या खरेदी किमतीपासून मोजतात. समजा वडिलांनी २००५ मध्ये २ लाखांना प्लॉट घेतला. मुलीला तो मिळाला तेव्हा त्याची किंमत २० लाख होती. तिने तो २२ लाखांना विकला, तर ढोबळ नफा २० लाख धरला जातो, २ लाख नव्हे. अमेरिकेत उलट आहे. तिथे वारसाला मालमत्ता मिळते त्या दिवशीची किंमत हीच नवी खरेदी किंमत मानतात. त्यामुळे मरण पावलेल्या माणसाच्या हयातीत वाढलेल्या किमतीवर नफ्याचा कर कधीच लागत नाही. म्हणजे वारसा कर नसलेल्या आपल्या देशात एक छोटी गळती बंद आहे, आणि वारसा कर असलेल्या अमेरिकेत ती उघडी आहे!

न्यायाच्या बाजूने आणि विरोधात

बाजूने बोलणारे म्हणतात: पगार कष्टाने मिळतो, त्यावर आपण कर भरतो. वारसा कष्टाशिवाय मिळतो, त्यावर शून्य कर का? एक शिक्षिका वर्षभर शिकवून जे कमावते त्यावर आयकर लागू शकतो. पण कुणाला एका दिवसात ५० कोटी मिळाले, तर एक रुपयाही नाही. जॉन स्टुअर्ट मिल या अर्थतज्ज्ञाने १८४८ मध्येच म्हटलं होतं की एका माणसाला वारशाने किती मिळावं यावर मर्यादा असावी. देणाऱ्याच्या हक्काइतकाच घेणाऱ्याच्या नशिबाचाही विचार व्हावा, हा त्यामागचा मुद्दा.

विरोधात बोलणारे म्हणतात: वडिलांनी कमावताना कर भरला, आता पुन्हा कर कशाला? पोटाला चिमटा घेऊन साठवलं ते मुलांसाठीच. ज्याने उधळलं त्याला कर नाही आणि ज्याने जपलं त्याला दंड, हा कुठला न्याय?

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. दुहेरी कराचा मुद्दा बँकेत ठेवलेल्या पगाराला लागू होतो. पण पुण्या-मुंबईत चाळीस वर्षांपूर्वी घेतलेल्या जागेची किंमत शंभर पटीने वाढली असेल, तर त्या वाढीवर कुणीच कधी कर भरलेला नसतो. त्या वाढीत रस्ता, मेट्रो आणि आजूबाजूची शाळा यांचाही हात असतो.

कार्यक्षमतेचा प्रश्न

अर्थशास्त्रात कराची कार्यक्षमता म्हणजे कर घेताना लोकांचं चांगलं वागणं किती कमी बिघडतं. उदाहरणार्थ, पगारावर फार कर लावला तर जादा काम करण्याची इच्छा कमी होते. मग वारसा करामुळे काय बिघडतं?

ते लोक मागे पैसा का ठेवतात यावर अवलंबून आहे. काही जण मुलांसाठी मुद्दाम साठवतात. त्यांच्यावर कराचा परिणाम होईल. काही जण म्हातारपणी आजारपण येईल, किती वर्षं जगू माहीत नाही, म्हणून साठवतात, आणि त्यातलं न वापरलेलं मागे राहतं. त्यांच्यावर वारसा कराचा फारसा परिणाम होत नाही. काही जण वारशाची आशा दाखवून मुलांकडून सेवा करून घेतात. (हा प्रकार गावात कुणाला समजावून सांगावा लागत नाही!) आणि काही जण इतके श्रीमंत असतात की सगळं खर्च करणं त्यांना शक्यच नसतं.

दुसरी बाजू घेणाऱ्याची. अमेरिकन उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी १८८९ मध्ये म्हणाला होता की मोठा वारसा मुलांचं नुकसान करतो. पुढे १९९३ मध्ये होल्ट्झ-इकिन, जूल्फायन आणि रोझेन या तीन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या वारसांच्या आयकराच्या नोंदी तपासल्या. दीड लाख डॉलरपेक्षा जास्त वारसा मिळालेले लोक नोकरी सोडून देण्याची शक्यता २५ हजार डॉलरपेक्षा कमी वारसा मिळालेल्यांपेक्षा साधारण चौपट होती. म्हणजे वारसा करामुळे देणारा थोडा कमी साठवेल, पण घेणारा थोडा जास्त काम करेल.

लोक कर चुकवण्यासाठी किती टोकाला जातात याचंही एक उदाहरण आहे. ऑस्ट्रेलियाने १ जुलै १९७९ पासून केंद्रीय वारसा कर रद्द केला. जोशुआ गॅन्स आणि अँड्र्यू ली या अर्थतज्ज्ञांनी मृत्यूच्या नोंदी पाहिल्या. तेव्हा जूनच्या शेवटच्या आठवड्यातले सुमारे ५० मृत्यू जुलैच्या पहिल्या आठवड्यात सरकलेले दिसले. माणसं खरंच काही दिवस जास्त जगली की नातेवाइकांनी तारीख पुढची सांगितली, हे नोंदींवरून ठरवता येत नाही. पण एका रात्रीत कर शंभरवरून शून्य झाला की अशी ओढाताण होते, एवढं दिसतं.

रचना बिघडली की न्यायही जातो

श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेने २०२१ मध्ये एक अहवाल काढला. त्यातल्या ३६ देशांपैकी २४ देशांत वारसा कर होता. पण या करातून सरासरी उत्पन्न किती? एकूण कर-उत्पन्नाच्या फक्त अर्धा टक्का. म्हणजे आपली ८५ टक्के आणि २० कोटींची गोष्ट जगभर वेगवेगळ्या रूपात घडते आहे.

ब्रिटन बघा. तिथे ३ लाख २५ हजार पौंडांच्या वरच्या भागावर ४० टक्के कर आहे (राहतं घर मुलांना दिलं तर जादा सूट मिळते). पण मृत्यूच्या सात वर्षं आधी दिलेली भेट पूर्ण करमुक्त. याचा फायदा कुणाला? ज्याच्याकडे राहतं घर सोडून भरपूर आहे, तो साठाव्या वर्षी मुलांना शेअर आणि दुसरं घर देऊन टाकतो. ज्याची सगळी संपत्ती म्हणजे राहतं घर, तो ते देऊ शकत नाही. दिलं आणि तिथेच राहिला, तर कायदा ती भेट धरत नाही. परिणामी मधला माणूस भरतो आणि वरचा सुटतो.

शेतीचंही तसंच. ब्रिटनमध्ये अनेक वर्षं शेतजमिनीला पूर्ण सूट होती. त्यामुळे शेतीशी संबंध नसलेले धनिकही कर वाचवायला जमीन घेऊ लागले. २०२४ मध्ये सरकारने ही सूट १० लाख पौंडांपर्यंत मर्यादित करण्याचं जाहीर केलं, तर शेतकरी लंडनच्या रस्त्यावर उतरले. नंतर ती मर्यादा वाढवावी लागली. सूट देताना विचार केला नाही, तर ती काढताना खऱ्या शेतकऱ्यालाच लागतं.

थोडं गणित करू

आता आपण एक काल्पनिक करपद्धत मांडू. हा कुठला कायदा नाही, फक्त समजण्यासाठी. कर प्रत्येक वारसाच्या वाट्यावर:

– पहिल्या १ कोटीवर शून्य
– १ ते ५ कोटींच्या भागावर १० टक्के
– ५ कोटींच्या वरच्या भागावर २० टक्के

पहिली वारस: ८० लाखांचं घर. कर शून्य.

दुसरा वारस: दीड कोटी. कर फक्त वरच्या ५० लाखांवर, म्हणजे ५ लाख. एकूण वाट्याच्या साधारण ३.३ टक्के.

तिसरी वारस: ८ कोटी. मधल्या ४ कोटींवर ४० लाख आणि वरच्या ३ कोटींवर ६० लाख, म्हणजे १ कोटी. एकूण वाट्याच्या साडेबारा टक्के.

इथे एक गैरसमज दूर होतो. ‘२० टक्के कर’ ऐकलं की लोकांना वाटतं ८ कोटींचे २० टक्के गेले. तसं नाही. दर फक्त त्या टप्प्याला लागतो. टप्पे नसते आणि १ कोटी ओलांडताच सगळ्यावर १० टक्के लागले असते, तर १ कोटीवर शून्य आणि १ कोटी १ रुपयावर १० लाख कर आला असता. मग सगळेच ९९ लाखांची मालमत्ता दाखवणार!

आता वारसांची संख्या. एका घरात ४ कोटींची मालमत्ता आणि एकच मुलगा. त्याला ३ कोटींवर ३० लाख कर. दुसऱ्या घरात तेवढीच मालमत्ता आणि चार भावंडं. प्रत्येकाला १ कोटी, कर शून्य. एकूण मालमत्तेवर कर असता, तर दोन्ही घरांना ३० लाख भरावे लागले असते. चार भावंडांना प्रत्येकी साडेसात लाखांचा फटका बसला असता. न्याय घेणाऱ्याच्या बाजूने मोजायचा असेल, तर वाट्यावरचा कर जास्त योग्य ठरतो.

आयर्लंडमध्ये आणखी एक चांगली गोष्ट आहे. आई-वडिलांकडून आयुष्यभरात मिळालेल्या भेटी आणि वारसा यांची एकत्र बेरीज होते. अपत्याला एकूण ४ लाख युरोंपर्यंत कर नाही, त्यापुढे ३३ टक्के. त्यामुळे आज दिलं काय आणि मृत्यूनंतर दिलं काय, हिशोब एकच. सात वर्षं वाट बघण्याची पळवाट राहत नाही.

शेत, घर आणि छोटा धंदा

मागच्या वर्षी पालक सभेनंतर एका विद्यार्थिनीचे आजोबा थांबले. म्हणाले, “बाई, आमची दीड एकर. सातबाऱ्यावर पाच नावं. त्यावर पण कर लागला तर भरायचा कशातून, बांध विकून?”

आजोबांचा प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवतो. जमीन म्हणजे किंमत, पण रोख पैसा नाही. चांगल्या रचनेत याची उत्तरं असावी लागतात. पहिलं उत्तर म्हणजे पुरेशी मोठी सूट-मर्यादा. जपानमध्ये ३ कोटी येन आणि शिवाय प्रत्येक कायदेशीर वारसामागे ६० लाख येन अशी सूट आहे. आई आणि दोन मुलं असतील तर ४ कोटी ८० लाख येनपर्यंत कर नाही. दुसरं उत्तर म्हणजे हप्ते. दक्षिण कोरियात सॅमसंगचे प्रमुख ली कुन-ही २०२० मध्ये वारले. त्यांच्या कुटुंबाने १२ लाख कोटी वॉनपेक्षा जास्त कर पाच वर्षांत हप्त्यांनी भरायचं ठरवलं. एवढ्या मोठ्या घराला हप्ते मिळतात, तर किराणा दुकानाच्या किंवा गिरणीच्या वारसाला ते नक्कीच मिळायला हवेत.

तिसरी गोष्ट आपल्या राज्यघटनेची. शेतजमिनीवरचा असा कर लावण्याचा अधिकार राज्यांकडे आहे आणि बाकी मालमत्तेवरचा केंद्राकडे. शिवाय महाराष्ट्रात १९६१ पासून कमाल जमीनधारणा कायदा आहे. कोरडवाहू जमिनीला साधारण ५४ एकरांची मर्यादा आहे. दीड एकरवाल्या आजोबांना कोणत्याही शहाण्या करात जागा नाही. भीती आहे ती बेजबाबदार रचनेची, आणि ती भीती रास्त आहे.

लेकींचा वाटा

हा मुद्दा या विषयावरच्या लेखांत सहसा दिसत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभरात २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. पण प्रत्यक्षात बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात आणि त्याला ‘माहेर तुटू नये’ असं कारण दिलं जातं.

आता विचार करा, कर वारसाच्या वाट्यावर आहे आणि प्रत्येक वारसाला वेगळी सूट आहे. आपल्या वरच्या काल्पनिक करात ३ कोटींची मालमत्ता एकट्या भावाच्या नावावर गेली तर त्याला २० लाख कर. भाऊ आणि दोन बहिणी यांच्यात सारखी वाटली तर कर शून्य. जो कायदा आजवर नुसता हक्क सांगत होता, त्याला इथे पैशाचं कारण जोडलं जातं. बहिणीचं नाव फक्त कागदावर येऊन व्यवहार भावाच्याच हातात राहील, हा धोका आहेच. पण सातबाऱ्यावर किंवा घराच्या कागदावर नाव राहणं हीसुद्धा मोठी गोष्ट असते. विधवा किंवा टाकलेल्या बाईला ते नाव काय असतं, हे गावात शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

आलेल्या पैशाचं काय?

कर घेणं हे अर्धं काम. १९८५ मध्ये कर बंद झाला तेव्हा फारसं कुणाला वाईट वाटलं नाही. कारण त्या पैशातून आपल्याला काय मिळालं हे सामान्य माणसाला दिसतच नव्हतं. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ अँथनी अ‍ॅटकिन्सन यांनी २०१५ मध्ये एक कल्पना मांडली. आयुष्यभर मिळालेल्या वारशांवर आणि भेटींवर कर घ्यावा, आणि त्यातून प्रत्येक तरुणाला सज्ञान झाल्यावर ठरावीक रक्कम द्यावी. म्हणजे ज्यांच्या घरून काहीच मिळत नाही त्यांनाही एक किमान वारसा. ब्रिटनने वारसा कराशी न जोडता असा छोटा प्रयोग केला होता. सप्टेंबर २००२ ते जानेवारी २०११ मध्ये जन्मलेल्या मुलांच्या नावे सरकारने किमान २५० पौंड ठेवले, गरीब घरांसाठी ५००. सुरुवातीची रक्कम पुढे कमी केली आणि मग योजनाच थांबवली. पण कल्पना समजायला सोपी आहे.

वर्गासाठी खेळ: चिंचोक्यांचा वारसा

साहित्य: चिंचोके किंवा खडे, फळा, वही.

१. तीन गट करा. पहिल्या गटाला २० चिंचोके, दुसऱ्याला ५, तिसऱ्याला ०.

२. प्रत्येक फेरीत कष्टाचे २ चिंचोके सगळ्यांना सारखे. शिवाय जवळ असलेल्या दर ५ चिंचोक्यांमागे १ जादा (हे व्याज किंवा भाडं समजा).

३. तीन फेऱ्या करा. पहिला गट २६, ३३, ४१ होतो. दुसरा ८, ११, १५. तिसरा २, ४, ६. कष्ट सारखे, पण २० चं अंतर ३५ झालं. इथे थांबून मुलांना बोलू द्या.

४. आता ‘पिढी बदलली’ असं सांगा. २० च्या वरच्या चिंचोक्यांचा चौथा भाग मधल्या डब्यात. पहिला गट २१ चा चौथा भाग म्हणून ५ देतो. ते तिसऱ्या गटाला द्या आणि पुन्हा तीन फेऱ्या करा.

५. मग नियम बदला: ‘कापडी पिशवीत ठेवलेले चिंचोके मोजायचे नाहीत.’ आणि कराचा दर चौथ्या भागाऐवजी निम्मा करा. बघा, डब्यात किती येतात! पहिला गट सगळे चिंचोके पिशवीत टाकतो. दर दुप्पट झाला, डबा मात्र रिकामा.

मुलांना १९८५ सांगायची गरज पडत नाही. पिशवी बंद न करता दर वाढवून उपयोग नाही, हे ती स्वतःच म्हणतात. नंतर हे प्रश्न विचारा: पहिल्या गटाला हा नियम योग्य वाटतो का? पहिल्या गटातल्या कुणाचे चिंचोके त्याच्या आजीने एकेक करून गोळा केले असतील तर? २० ऐवजी ५ च्या वर कर लावला तर दुसऱ्या गटाचं काय होईल? उत्तर आपण देऊ नये. घरात जमीन असलेलं मूल आणि नसलेलं मूल, दोघांनाही मोकळेपणाने बोलता आलं पाहिजे. कुणाच्या घरी काय आहे हे मात्र वर्गात विचारू नये.

शेवटी

वारसा कर हवा की नको, यावर चांगली माणसं दोन्ही बाजूंना आहेत. माझं मत असं: उंच सूट-मर्यादा, मध्यम दर, वारसाच्या वाट्यावर मोजणी, भेटी आणि वारसा यांचा आयुष्यभराचा एकत्र हिशोब, कमीत कमी सवलती आणि भरायला हप्ते. या सहा गोष्टी एकत्र असतील, तर हा कर पगारावरच्या करापेक्षा न्याय्य आणि कमी नुकसान करणारा ठरू शकतो. यातल्या दोन-तीन जरी सुटल्या तरी त्याचं जुन्या इस्टेट ड्यूटीसारखं होईल: नाव श्रीमंतांचं, मनस्ताप मधल्यांचा आणि तिजोरीत चिल्लर.

पालकांनो, कर असो वा नसो, वारस नोंदी वेळेवर करा. मृत्युपत्र करा आणि मुलीचं नाव वगळू नका. शिक्षक मित्रहो, पुढच्या वेळी शेकडेवारीचा पाठ घ्याल तेव्हा नफा-तोट्याच्या गणितांसोबत चिंचोक्यांचा हा हिशोबही घेऊन बघा.